जुना रूनस्केप आजही कसा घडतोय? : ऑनलाइन खेळाच्या पडद्यामागचं काम

अरण्यक (धागाकर्ता)

ऑनलाइन खेळ बाजारात आला की तो बनवणाऱ्यांचं काम संपलं, असं बाहेरून वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं आणि वीस-वीस वर्षं चालतं. त्याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं, म्हणून हा धागा. सगळ्या खेळांबद्दल मोघम लिहिण्यापेक्षा मी एकच खेळ घेतोय, ओल्ड स्कूल रूनस्केप. तो मला सर्वांत जवळचा आहे. शिवाय त्याचे विकसक आपलं काम इतकं उघडपणे मांडतात की बाहेरच्या माणसालाही बरंच कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्र्यू गोवर या केंब्रिजमधल्या विद्यार्थ्याने भावांच्या साथीने मूळ रूनस्केप उभा केला आणि ४ जानेवारी २००१ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. तलवारी, जादू, राक्षस हे सगळं त्यात आहेच. पण मासे पकडणं, लाकडं तोडणं, लोखंड वितळवणं ही साधी कामंही आहेत. जावात लिहिलेला असल्याने तो ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागत नसे. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो पोचला तो यामुळेच.

आता पडद्यामागे. या खेळाच्या सर्व्हरचा ठोका ०.६ सेकंदाचा आहे. त्याला टिक म्हणतात. तुम्ही क्लिक केलं की लगेच काही होत नाही. त्या ०.६ सेकंदात आलेल्या सगळ्या खेळाडूंच्या आज्ञा सर्व्हर गोळा करतो आणि एका क्रमाने निकालात काढतो. प्रसिद्ध चाबूक चार टिकना एकदा चालतो, म्हणजे २.४ सेकंदांनी. गॉडस्वोर्ड ही तलवार सहा टिकना. झाड तोडायला उभे राहिलात तर लाकूड मिळालं की नाही हेही टिक मोजूनच ठरतं. डायल-अपच्या काळात जगभरच्या मंद जोडण्यांना सामावून घ्यायला हा संथ ठोका फार उपयोगी पडला. पुण्याहून लंडनला जाऊन परत यायला संदेशाला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागले तरी तो एका टिकमध्ये आरामात मावतो. वेगवान नेमबाजीच्या खेळात तेवढ्यात तुमचा जीव गेलेला असतो.

पण खेळाडूंनी या ठोक्याचं काय केलं ते बघा. संरक्षणाची प्रार्थना (खेळातली हल्ल्यापासून वाचवणारी शक्ती) नेमक्या टिकपुरती चालू-बंद केली तर प्रार्थनेचे गुण खर्चच होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मासे पकडताना मध्येच वनस्पती आणि डांबर एकत्र केलं की मोजणी तीन टिकवर येते आणि मासे जास्त वेगाने मिळतात, हेही त्यांनी शोधलं. असं काही व्हावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. खेळ चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, म्हणजे इंजिनच्या रचनेतून ते आपोआप निघालं. आज मात्र ते या खेळातलं सर्वोच्च कौशल्य मानलं जातं, आणि मोठ्या राक्षसांची रचना करताना विकसक ते गृहीत धरतात. उद्या कुणी प्रामाणिकपणे म्हणाला की ही चूक आहे, दुरुस्त करू, तर हजारो लोकांची वर्षांची मेहनत पुसली जाईल.

माझं म्हणणं याच मुद्द्यावर आहे. चालू ऑनलाइन खेळात कोड बदलणं हा कामाचा सोपा भाग. आत राहणाऱ्यांना दिलेला शब्द न मोडता तो बदलणं हा अवघड भाग. भाडेकरू आत राहत असताना चाळ नव्याने बांधायची, तसं हे आहे.

आणि हा शब्द मोडला की काय होतं, याचा धडा रूनस्केपला दोनदा मिळाला आहे.

पहिला, डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८. चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्व घ्यायचं, खेळातलं सोनं जमवायचं आणि ते खऱ्या पैशांना विकायचं, असा मोठा धंदा चालू होता. कार्डाचा खरा मालक तक्रार करी, बँक पैसे परत घेई आणि भुर्दंड कंपनीवर येई. खेळ चालवणाऱ्या जागेक्स कंपनीने उपाय म्हणून मुक्त देवाणघेवाणच बंद केली आणि वाइल्डरनेस या भागातल्या खेळाडूंमधल्या खुल्या लढायाही काढून टाकल्या. चोरांचा रस्ता बंद झाला, पण मित्राला भेट म्हणून चांगली तलवार देणंही बंद झालं. खेळात मोर्चे निघाले, असंख्य लोक सोडून गेले. शेवटी कंपनीने लोकांना विचारलं, बारा लाखांच्या आसपास मतं पडली, ९१ टक्के बाजूने, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी दोन्ही गोष्टी परत आल्या.

दुसरा, २० नोव्हेंबर २०१२. लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. पडद्यावर बटणांची पट्टी आली, इतर खेळांसारख्या खास चाली आल्या. ते बनवणाऱ्यांनी खूप कष्ट घेतले असणार, त्याबद्दल शंका नाही. पण ज्यांनी दहा वर्षं त्या संथ ठोक्यावर हात बसवला होता त्यांना आपलं घर ओळखू येईना.

मग फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सांगितलं की आमच्याकडे ऑगस्ट २००७ मधला बॅकअप आहे, हवा असेल तर मत द्या. साडेचार लाखांच्या आसपास मतं आली आणि २२ फेब्रुवारीला ओल्ड स्कूल सुरू झाला. या बॅकअपची एक गंमत मला फार आवडते. गॉड वॉर्स डंजन हा त्या काळातला सर्वांत गाजलेला भाग मुळात २८ ऑगस्ट २००७ ला आला होता. म्हणजे बॅकअप त्याच्या थोड्याच आधीचा! तो त्यात नव्हताच. छोट्याशा नव्या गटाने तो पुन्हा बांधला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये दिला. ग्रँड एक्सचेंज हा बाजारही त्यात नव्हता. लोक पुन्हा रस्त्यावर उभं राहून ओरडून माल विकू लागले. तो बाजार २०१५ मध्ये आला, तोही मतदान होऊन.

तेव्हापासून नियम असा की नवीन काहीही आणायचं तर खेळाडूंचं मत घ्यायचं. ७५ टक्के मिळाले तरच बांधायचं. २०२२ मध्ये ही अट ७० वर आणली.

बाकीचं प्रतिसादांतून लिहितो. तुम्हाला इतर खेळांची आतली माहिती असेल तर जरूर लिहा.

शेवंती

वाचतेय. फार छान लिहिलंय. मी खेळत नाही, पण धाकटा भाऊ खेळायचा. त्याच्याकडून ऐकलं होतं की या खेळात दोन अब्ज चौदा कोटींपेक्षा जास्त नाणी एका जागी ठेवताच येत नाहीत. असं का? मुद्दाम घातलेली मर्यादा आहे का?

अरण्यक

@शेवंती, मुद्दाम नाही. आकडा नेमका २,१४७,४८३,६४७. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी धन संख्या. २००१ मध्ये कुणाकडे एवढी नाणी साठतील असं कुणाला वाटलं असेल? आज बऱ्याच जणांकडे त्याहून जास्त असतात. संख्या साठवण्याचा मूळ प्रकार बदलायचा तर साठवणुकीची, देवाणघेवाणीची, बाजाराची, पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्यांची सगळी जोडणी उकलावी लागेल. म्हणून त्यांनी प्लॅटिनम टोकन आणलं, एक टोकन म्हणजे हजार नाणी. खालचा पाया तसाच ठेवून वर उपाय केला.

अनुभवाच्या गुणांचंही तेच. कोणत्याही कौशल्यात २० कोटींच्या वर गुण जात नाहीत. आतमध्ये गुण दशांशाच्या एका स्थळापर्यंत मोजायचे म्हणून दहापट करून साठवतात. २० कोटी गुणिले दहा म्हणजे दोन अब्ज, मर्यादेच्या जरासं अलीकडे. खेळाडूंना ते शिखर वाटतं, लोक वर्षानुवर्षं तिथे पोचायला धडपडतात. ते शिखर कुठे असावं हे एका पूर्णांकाच्या आकाराने ठरवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

टेस्टर_कोथरूड

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये आहे (कुठे ते लिहीत नाही). अरण्यक यांनी जे लिहिलंय त्याची टेस्टरच्या टेबलावरची बाजू सांगते.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर खेळतो. आम्ही दिवसभर भिंतीला धडकतो. म्हणजे अक्षरशः पात्र घेऊन प्रत्येक भिंतीला, प्रत्येक कोपऱ्यात, कुठून आरपार जाता येतं का ते बघत. बग सापडला हे पुरेसं नसतं. तो पुन्हा घडवता आला पाहिजे, आणि नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी घडतो ते लिहिता आलं पाहिजे. "कधीकधी क्रॅश होतो" असं लिहिलेला रिपोर्ट कुणीही उघडून बघत नाही.

पण ऑनलाइन खेळात सर्वांत अवघड असते ती दोन सुट्या गोष्टींची भेट. या दोन्ही वेगवेगळ्या तपासल्या तर निर्दोष असतात. रूनस्केपचंच उदाहरण देते, कारण आमच्या क्षेत्रात ते प्रसिद्ध आहे. ३१ मे २००६ रोजी घर बांधायचं कौशल्य आलं. घरात कुस्तीचं रिंगण बांधता यायचं, त्यात पाहुणे एकमेकांशी लढू शकत. दिवस थोडेच गेले होते, ५ जूनला पहिला खेळाडू त्या कौशल्यात ९९ व्या पातळीला पोचला. त्याच्या घरी गर्दी झाली, घर अडखळू लागलं, म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. रिंगणात असलेल्या काही जणांवरची "हा हल्ला करू शकतो" ही खूण बाहेर आल्यावर पुसलीच गेली नाही. फलाडोर शहराच्या सुरक्षित रस्त्यावर ते कुणालाही मारू शकत होते, आणि समोरच्याला उलट हात उचलता येत नव्हता. लोकांचा अनमोल माल गेला.

रिंगण तपासलं असेल. घरातून बाहेर काढणंही तपासलं असेल. पण रिंगणात असताना, गर्दीत, घरमालकाने बाहेर काढलं तर? इतक्या जोड्या असतात की सगळ्या तपासणं कुठल्याच गटाला शक्य नाही. म्हणून आम्ही धोक्याच्या जोड्या आधी निवडतो. जिथे एखादी खूण लावली जाते, तिथून बाहेर पडायचे सगळे मार्ग कागदावर काढायचे. दारातून, जादूने, मरून, लॉगआउट होऊन, नेट तुटून, सर्व्हर पडून. निम्मे बग नेट तुटण्याच्या मार्गावर भेटतात, हा माझा अनुभव.

खग्रास

+१ टेस्टर_कोथरूड. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली साथ याच जातीची. १३ सप्टेंबर २००५. हक्कार नावाचा राक्षस एक रक्तदोष लावायचा, तो शेजाऱ्याला लागायचा, आणि त्या गुहेपुरताच राहील अशी कल्पना होती. पण शिकाऱ्यांचे पाळीव प्राणी! प्राणी आजारी पडल्यावर त्याला परत पाठवायचं आणि शहरात जाऊन पुन्हा बोलवायचं. रोग तसाच सोबत येई. दुकानदार पात्रांना तो लागला, ती मरत नसत पण इतरांना देत राहत. शहरंच्या शहरं हाडांनी भरली. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डला शेवटी सर्व्हर नव्याने चालू करून आणि पॅच (दुरुस्तीचा कोड) देऊन ते थांबवावं लागलं. पुढे २००७ मध्ये 'द लान्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला, कारण साथीत माणसं कशी वागतात याचा तो आपोआप झालेला प्रयोग होता.

त्याच खेळातली आणखी एक गोष्ट. पडद्यावर एखाद्या ठिकाणाहून जादू सुटताना दिसते ना, तिथे कित्येकदा एक अदृश्य ससा उभा असतो. इंजिनला जादू करायला कुणीतरी पात्र लागतं, मग विकसक ससा ठेवून देतात. हे कळल्यापासून मी प्रत्येक मशालीकडे आदराने बघतो.

नदीकाठ_सांगली

मला धागाकर्त्याचा मतदानाचा मुद्दा पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मत घेणं ऐकायला छान आहे. पण मत कोण देतं? आज जे खेळतायत ते. त्यांना आजचा खेळ आवडतो म्हणूनच ते तिथे आहेत. जो नवा खेळाडू अजून आलेला नाही त्याला मत नाही. परिणाम काय, तर आर्टिसन हे नवं कौशल्य २०१४ मध्ये पडलं, सेलिंग म्हणजे नौकानयन २०१५ मध्ये पडलं, वॉर्डिंग २०१९ मध्ये पडलं, तेही ६६ टक्के लोकांना हवं असताना! दोन तृतीयांश लोक हो म्हणतायत आणि काम रद्द. ज्यांनी महिनोन्महिने त्याची आखणी केली त्यांचं काय?

आणि खेळाडूंमधल्या लढायांचे प्रस्ताव. बहुसंख्य लोक त्या भागात जातच नाहीत, तरी मत देतात, आणि विरोधात देतात. तिथे खेळणाऱ्या अल्पसंख्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं काही येत नव्हतं. शेवटी कंपनीलाच तिथले काही बदल मतदानाविना करावे लागले. विश्वास महत्त्वाचा, मान्य. पण रचनाकाराला नजर असते, तिला काही किंमत आहे की नाही?

अरण्यक

@नदीकाठ_सांगली, लढायांबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण बरोबर आहे. तिथे मतदान तोकडं पडलं. बग दुरुस्ती, फसवणूक रोखणं, अति बलवान शस्त्र कमी करणं हेही आता मत न घेता होतं, आणि ते योग्यच आहे.

पण सेलिंगचंच पुढे काय झालं ते बघा, कारण माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला तो सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. आधीच्या वेळी जवळपास पूर्ण आराखडा लोकांपुढे ठेवून हो की नाही विचारलं जाई. नंतर त्यांनी क्रम बदलला. आधी एवढंच विचारलं की मुळात नवं कौशल्य हवंय का. मग २०२३ मध्ये टेमिंग, शामनिझम आणि सेलिंग असे तीन पर्याय ठेवले. सेलिंग निवडलं गेलं. मग त्याचे कच्चे आराखडे दाखवत, मतं ऐकत, बदलत गेले, आणि मग पक्कं करायचं मत घेतलं. ते ७० ची रेषा थोडक्याने ओलांडून गेलं. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी ते खेळात आलं. रचनाकाराची नजर इथे वाया गेली नाही, तिला वेळेवर उत्तर मिळत गेलं.

मधल्या काळात इंजिनवर काय काम झालं ते तर विलक्षण आहे. रूनस्केपचं जग चौकोनी घरांचं. झाड, भिंत, टेबल हे सगळं एका घराला जखडलेलं. चालतात ती फक्त पात्रं. मग होडी कशी चालणार, जिच्यावर माणसं उभी आहेत, इकडेतिकडे फिरतायत, तोफ लावतायत? होडी हे पात्र धरलं तर तिच्यावर चालता येत नाही, जमीन धरली तर ती हलत नाही. त्यांनी शेवटी जगाचाच एक छोटा तुकडा हलता केला. होडी म्हणजे स्वतःची घरं असलेलं एक चिमुकलं जग, जे मोठ्या जगावरून सरकतं. आणि हे सगळं जुन्या टिकवर, जुना चाबूक आणि जुनी मासेमारी जराही न बिघडवता.

अनुप्रिया_न्यूजर्सी

या चर्चेत फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन खेळाचा उल्लेख झालाच पाहिजे! मी तो अनेक वर्षं खेळतेय.

३० सप्टेंबर २०१० ला पहिली आवृत्ती आली आणि इतकी फसली की तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. मासिक शुल्क घेणंही थांबवलं, ते थेट जानेवारी २०१२ मध्ये सुरू केलं. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी नंतर एका भाषणात सांगितलेलं उदाहरण सगळीकडे फिरतं. खेळात एक फुलांची कुंडी होती, आणि तिच्यात जवळपास एका खेळाडू-पात्राइतके, म्हणजे हजारभर पॉलिगॉन (थ्रीडी आकार ज्यांनी बनतो ते सपाट तुकडे) होते. एक कुंडी! चित्रांच्या सौंदर्याच्या नादात सर्व्हर आणि खेळण्याचा अनुभव बाजूला पडला होता.

योशिदांनी जो निर्णय घेतला तो अरण्यक यांच्या "शब्द" या मुद्द्याशी जुळतो. खेळ बंद करून पळून जाणं सोपं होतं. त्यांनी जुना खेळ दुरुस्त करत चालू ठेवला आणि त्याच वेळी, त्याच लोकांकडून, नवा खेळ मुळापासून बांधून घेतला. जुन्या जगाचा शेवटही कथेत आणला. आकाशात दालामुद नावाचा लाल चंद्र महिनोन्महिने मोठा होत गेला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले. चंद्र फुटला, आतून बहामुत हा महाकाय ड्रॅगन बाहेर आला, जग जळालं. २७ ऑगस्ट २०१३ ला नवा खेळ आला तो कथेत पाच वर्षं पुढे गेलेला. जे पहिल्या आवृत्तीत टिकून राहिले त्यांची पात्रं त्या प्रलयातून वाचलेली म्हणून पुढे आली. त्यांचं राहणं कथेने लक्षात ठेवलं.

अडचणी यशामुळेही येतात. डिसेंबर २०२१ मध्ये एंडवॉकर हा खेळाचा नवा विस्तार आला तेव्हा लॉगिनच्या रांगा इतक्या लांबल्या की कंपनीने चक्क विक्री थांबवली. नवे सर्व्हर लावायचे तर जगभर चिपांचा तुटवडा. आधी सात, मग आणखी चौदा दिवस खेळाडूंना मोफत दिले आणि २५ जानेवारी २०२२ पासून विक्री पुन्हा सुरू केली. आपला माल विकणं स्वतःहून थांबवणारी कंपनी मी तरी दुसरी पाहिली नाही.

खग्रास

कुंडीचा किस्सा माहीत नव्हता. धन्यवाद अनुप्रिया.

नदीकाठ_सांगली

सेलिंगचं स्पष्टीकरण आवडलं. टप्प्याटप्प्याने विचारण्याची पद्धत मला मान्य आहे. अल्पसंख्य खेळाडूंचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही, एवढं नोंदवून ठेवतो. फोर्टीनमध्ये मतदान नाही, योशिदा आणि त्यांचा गट ठरवतो, थेट प्रक्षेपणात तासन्‌तास समजावून सांगतो, आणि लोकांचा विश्वास आहेच ना?

अरण्यक

आहे, आणि तो त्यांनी मोठी किंमत मोजून कमावला आहे. जागेक्सने दोनदा गमावल्यावर तिथे कुणा एका माणसाच्या शब्दावर भागण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून नियम लेखी करावा लागला. आणि तरी सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा ठेच लागलीच. एका खेळाडूने फावल्या वेळात खेळाचं दृश्यरूप देखणं करणारं प्लगइन (खेळाला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) तयार केलं होतं, ११७ एचडी. प्रकाशित व्हायच्या तोंडावर कंपनीने ते थांबवायला सांगितलं, कारण त्यांचं स्वतःचं तसं काम चालू होतं. खेळात पुन्हा निदर्शनं झाली आणि अगदी थोड्या दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेऊन परवानगी दिली. चुकीची दिशा लवकर सोडली, याचं श्रेय मी त्यांना देतो.

शेवंती

माझी भाची बारावीत आहे, तिला हेच करायचंय. टेस्टर_कोथरूड, अरण्यक, तिने काय शिकावं? सगळे तिला थ्रीडी ॲनिमेशनचे कोर्स सुचवतायत.

टेस्टर_कोथरूड

चित्रकलेची ओढ असेल तर ॲनिमेशन जरूर. पण खेळ चालतो कसा याची ओढ असेल तर एक प्रोग्रामिंग भाषा पक्की, डेटाबेस आणि नेटवर्क यांची मुळं पक्की. मनात गणित करून बघायची सवय हवी: दोघांनी एकाच क्षणी एकच वस्तू उचलली तर कुणाला मिळेल? देवाणघेवाण होताना मध्येच सर्व्हर पडला तर वस्तू दोघांकडे राहील की कुणाकडेच नाही? वस्तू दुप्पट होण्याचा बग हा सर्वांत भयंकर. एका रात्रीत बाजार कोसळतो, आणि मग सगळ्यांचा खेळ काही तास मागे न्यायचा की नाही हा प्रश्न येतो. मागे नेलं तर ज्याला त्या तासांत आयुष्यातली सर्वांत दुर्मीळ वस्तू मिळाली त्याचीही ती जाते.

आणि मराठीत असो वा इंग्रजीत, तिला नेमकं लिहायला शिकवा. चांगला बग रिपोर्ट लिहिणारी मुलगी लगेच डोळ्यांत भरते.

अरण्यक

@शेवंती, त्यात एक भर. रूनस्केपसाठी रूनलाइट नावाचा क्लायंट, म्हणजे आपल्या संगणकावर खेळ चालवणारा प्रोग्राम आहे, त्याचा कोड खुला आहे आणि जावात आहे. तिला सांगा, आधी एखादं छोटं प्लगइन उघडून वाच. टिक मोजणारं प्लगइन सर्वांत सोपं असतं. मग त्यात स्वतःचा एक बदल कर, पडद्यावर आकड्याचा रंग बदल एवढा जरी. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातलं काही न मोडता आपली ओळ घालायची, हेच पुढे रोज करायचं असतं. अडली तर इथेच विचारू दे, मी बघत असतो.

शेवंती

दोघांचेही आभार. तिला आजच धागा पाठवते. डेटाबेससाठी मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काही सुचवता येईल का, तेही लिहा.